डोमाजींचा लांबट सूर्य

डोमाजी कोणाकडेही सरळ पाहत नसत. बोलताना त्यांची नजर समोरच्याच्या कानाशेजारी, चार बोटे पलीकडे टेकलेली असे. नव्या शिक्षकांना वाटे, हा शिपाई तिरळा तरी आहे नाहीतर उर्मट. पहिल्या दिवशी मीही मागे वळून पाहिले होते, माझ्यामागे कोण उभे आहे म्हणून. तेव्हा ते म्हणाले, "मांगं कोनी नाई सर. मी तुमालेच पाहून राह्यलो."

गोंदियाकडच्या गोरेगाव तालुक्यातल्या आमच्या हायस्कुलात ते प्रयोगशाळेचे परिचर होते आणि मी विज्ञान शिकवत होतो. ते माझ्याहून सहा वर्षांनी मोठे. तरी मी त्यांना जन्मभर "अरे डोमाजी" म्हणालो आणि ते मला "सर". या लिखाणात मी त्यांना 'ते' म्हणतो आहे. एवढ्याने काही भरून निघत नाही, पण सुरुवात तरी बरोबर व्हावी.

शाळेतली नोकरी हा त्यांचा अर्धा दिवस होता. उरलेल्या अर्ध्यात ते नाटकांचे पडदे रंगवत. आमच्या झाडीपट्टीत दिवाळी झाली की गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि मंडईच्या गावात नाटक हवेच. दरबार, जंगल, रस्ता, गरिबाची झोपडी असे चार-पाच पडदे प्रत्येक मंडळाला लागत आणि आसपासच्या बऱ्याच मंडळांचे पडदे डोमाजींच्या हातचे असत. दिवाळीच्या आधीचा महिना त्यांना जेवायला फुरसत नसे. पडदा अंगणात पसरलेला, ते त्यावर उकिडवे, आणि हातात ब्रशपेक्षा जास्त वेळ कापसाचा बोळा. "फिक्कं काढाचं असन तं रंग लावू नये," ते म्हणत, "पुसावं."

तिरक्या नजरेचे कारणही त्यांनी मला एकदा सांगितले. मंडपातल्या अंधुक उजेडात जुन्या पडद्याचे उडालेले रंग ओळखायची त्यांना सवय होती. "उजेडातली वस्तू सरळ पाहावी. फिक्की वस्तू कडेनं पाहावी. सरळ पायलं का ते लपते." मी म्हणालो, याला विज्ञानात आधार आहे, अंधुक उजेडात डोळ्यातल्या पडद्याच्या मधल्या भागापेक्षा कडेचा भाग जास्त पाहू शकतो. ते खूश झाले. "म्हंजे माहा डोरा शिकलेला हाय."

"पण मला कशाला कडेने पाहतोस? मी फिक्का आहे काय?"

"मानूस उजेडातबी फिक्काच असते सर. त्याले कडेनंच पाहा लागते."

माझ्या तासासाठी फळ्यावरच्या आकृत्या तेच काढत. बेडूक, हृदय, विजेची घंटा. दहावीच्या वर्गाला सूर्याचे थर शिकवायचे होते त्या दिवशी त्यांनी काळ्या फळ्यावर असा सूर्य काढला की मुले बोलायची थांबली. मी सांगत गेलो. आपल्याला दिसते ती सूर्याची तेजस्वी थाळी. तिच्याभोवती गुलाबी रंगाचा एक पातळ थर आहे. त्याच्याही बाहेर, लाखो किलोमीटर पसरलेले सूर्याचे विरळ वातावरण, त्याला किरीट म्हणतात. ते इतके फिके आहे की थाळीच्या तेजापुढे कधीच दिसत नाही. खग्रास ग्रहणात चंद्र थाळी झाकतो, तेवढी एकदोन मिनिटे ते उघड्या डोळ्यांना दिसते. आणि गंमत म्हणजे थाळीपेक्षा हे बाहेरचे वातावरण कितीतरी पट जास्त तप्त आहे, लाखो अंश.

डोमाजी डस्टर घेऊन दाराशी उभे होते. "चुलीपासून दूर गेलं तं गरम कमी लागते ना सर? मंग हे काऊन जास्त गरम?"

मुले हसली. मला उत्तर माहीत नव्हते. शास्त्रज्ञांनाही ते तेव्हा पुरते माहीत नव्हते, आजही त्यावर वाद आहे. पण मी एवढेच म्हणालो, "पुस्तकात तसे आहे."

"असन," डोमाजी म्हणाले. त्यांच्या 'असन'मध्ये होकार नसे.

तीसेक वर्षांपूर्वी दिवाळीच्या अमावास्येला खग्रास ग्रहण आले. आमच्याकडे ते खंडग्रासच दिसणार होते. खग्रासाचा पट्टा बंगालमधून जात होता आणि गोंदियाहून हावड्याला सरळ गाडी होती. शाळेकडे चांगला कॅमेरा नव्हता. मला चित्र येत नव्हते. मी डोमाजींना म्हणालो, "चल माझ्यासोबत. तू पाहा आणि काढ. तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात ठेवू."

त्यांच्या दोन मंडळांचे पडदे अर्धवट होते. ऐन हंगामात माणूस गाव सोडतो म्हणून मंडळवाले चिडले. गावाला तर ग्रहण बघायला मुद्दाम रेल्वेने जाणे हेच पटत नव्हते. ग्रहणात पाणी प्यायचे नाही, गरोदर बाईने दाराबाहेर पडायचे नाही, असे मानणारी माणसे ती. चौकातल्या एका म्हाताऱ्याने विचारले, "कायले जीव धोक्यात घालतं बाबू?" डोमाजी म्हणाले, "मधात कोनी उभा राह्यला का मांगचा दिसत नाई. गऱ्हन म्हंजे येवढंच. भेवाचं काई नाई." हे वाक्य त्यांनी त्या आठवड्यात निदान वीस जणांना ऐकवले असेल.

तयारी त्यांनी त्यांच्या पद्धतीने केली. मी प्रयोगशाळेच्या टोकाला एखादे चित्र मिनिटभर धरायचो आणि झाकायचो. ते डोळे मिटून बसत, बोटे मांडीवर फिरवत आणि मगच कागद घेत. "पाहून पाहून काढलं तं हात बोलते. डोरे मिटल्यावर जेवढं राह्यते तेवढंच काढाचं." आणखी एक युक्ती त्यांचीच. उन्हातून एकदम मंडपात शिरले की काही दिसत नाही, म्हणून खग्रास होण्याआधी पाव तास डोळ्यांवर काळे कापड आणि वरून दुपट्टा बांधून बसायचे, म्हणजे फिक्यातले फिके दिसेल. "तुमी फक्त 'आता' म्हना सर. मंग मी सोडतो."

हुगळीच्या काठी एका बांधावर आम्ही सकाळीच जागा धरली. गर्दी जत्रेसारखी. डोमाजी पाठीला पिंपळाचे खोड लावून डोळे बांधून बसले. सूर्याची कोर बारीक होत गेली, पानांखाली जमिनीवर शेकडो कोयते पडल्यासारखे उजेडाचे तुकडे दिसू लागले, वारा गार झाला. ते मधूनमधून विचारत, "झालं का सर?" मी म्हणायचो, "अजून नाही."

मग ते झाले. शेवटचा तेजाचा थेंब विझला आणि आकाशात एक काळे भोक पडले. भोवती चांदीचा उजेड. मी काय पाहिले ते मला आज विचाराल तर नीट सांगता येणार नाही. तोंड उघडे टाकून मी उभा होतो. लोक ओरडत होते, कुठे शंख वाजत होते. किती वेळ गेला कोण जाणे. घड्याळ माझ्या हातात होते, त्याकडेही मी पाहिले नाही. मग पायाशी हळू आवाज आला, "सर? झालं का?"

मी 'आता' म्हणायला विसरलो होतो.

"आता, आता," मी म्हणालो. त्यांनी दुपट्टा ओढला, मान वर केली आणि थोडी कलती धरली. ते ग्रहण सगळे मिळून मिनिटभराच्या थोडे वर. त्यातला निदान तिसरा हिस्सा मी त्यांच्या डोळ्यांवरून जाऊ दिला होता. उरलेल्यात त्यांनी पापणी हलवली नाही. तेज परत आले तसे त्यांनी डोळे गच्च मिटले, डोके गुडघ्यांत घातले आणि बोटे मांडीवर फिरवू लागले. शेजारचा एक प्रवासी हसून म्हणाला, "चाचा तो डर गए." मी काही बोललो नाही. डोमाजींना बोलायला वेळ नव्हता.

परतीच्या गाडीत मी म्हणालो, "सांगायला जरा उशीर झाला रे." ते म्हणाले, "होते सर. तुमीबी तं पाहून राह्यले होते." त्यानंतर त्यांनी तो विषय कधी काढला नाही.

त्यांनी काढलेले चित्र मला अजून दिसते. काळा कार्डशीट, त्यावर सगळीकडे खडूची पूड चोळून मग कापसाने पुसत काढलेले. मधे काळी थाळी. तिच्या कडेला एका बाजूने तलावातल्या कमळाच्या पाकळीसारखी गुलाबी रेघ आणि तीवर दोन बारीक ज्वाळा. आणि किरीट? तो गोल नव्हता. दोन बाजूंना लांब पंख ओढल्यासारखा होता, एका पंखाचे टोक किंचित खाली झुकलेले. वर आणि खाली मात्र आखूड आखूड केस, ब्रशला असतात तसे.

माझ्याकडच्या पुस्तकातले चित्र गोल होते. चारही बाजूंनी सारखे किरण, झेंडूच्या फुलासारखे. मी म्हणालो, "हे चुकले. बाजूंना आखूड कर, वरखाली वाढव."

"पुस्तकवाल्यानं तसा पायला असन," ते म्हणाले. "मी हा पायलो."

"तुला पूर्ण वेळ कुठे मिळाला?"

"जेवढा भेटला त्यात हा होता सर."

मी त्यांचे ऐकले नाही. चित्रकलेच्या शिक्षकाकडून पुस्तकाबरहुकूम गोल किरीट काढून घेतला आणि 'प्रत्यक्ष निरीक्षणावरून' अशी पाटी लावून प्रदर्शनात मधोमध टांगला. डोमाजींचे चित्र बाजूला, खाली ठेवले. ठेवलेच नसते तर बरे झाले असते. परीक्षक एका महाविद्यालयातले प्राध्यापक होते. त्यांनी दोन्हीकडे बोट केले. "ही दोन वेगळी कशी? त्याच ग्रहणाची ना?"

पुढच्या वर्षी आमचे मुख्याध्यापक निवृत्त होणार होते आणि ती जागा मला हवी होती. समोर संस्थेचे सचिव उभे होते. आमची मुले उभी होती. डोमाजी पाण्याचे ग्लास घेऊन माझ्या डाव्या हाताला उभे होते. मी म्हणालो, "ते आमच्या शिपायाचे आहे, सर. ऐन वेळी हा भ्याला. डोळे बांधून गुडघ्यांत डोके घालून बसला होता. उशिरा उघडले, मग जे सुचले ते काढले."

परीक्षक हसले. सचिव हसले. मुले तर हसणारच. मी डावीकडे पाहिले. डोमाजी माझ्याकडे पाहत होते. कानाशेजारी नाही, पलीकडे नाही. सरळ माझ्या डोळ्यांत. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मग त्यांनी परीक्षकांना पाणी दिले.

आमच्या शाळेला पहिला क्रमांक मिळाला. आम्ही ज्या एसटीने परत आलो त्याच एसटीने ती गोष्टही गावात आली. 'डोमाजी गऱ्हनाले भेला.' ज्याने वीस जणांना भेवाचं काही नाही म्हणून सांगितले होते तो भेला. मुलांना ते फारच आवडले. शाळा सुटल्यावर दोनतीन पोरे आपसांत डोळ्यांवर रुमाल बांधून "झालं का सर, झालं का सर" करत. नाटकमंडळवाले पडदा न्यायला येत तेव्हा विचारत, "राक्षसाचा पडदा काढतानी भेत नाई ना डोमाजी?" ते बोळा फिरवत म्हणत, "तुमचं नाटक पाहून भेतो बाप्पा." लोक हसत आणि जात. पण फळ्यावर त्यांनी पुन्हा आकृती काढली नाही. मी सांगितले की म्हणत, "हात दुखते सर." घरी पडदे रंगवताना तो हात दुखत नसे.

चार-पाच महिन्यांनी शाळेच्या वाचनालयात एक विज्ञान मासिक आले. त्यात त्या ग्रहणाचा फोटो होता. दोन बाजूंना लांब पंख, एकाचे टोक खाली झुकलेले, वरखाली ब्रशसारखे आखूड केस. लेखात लिहिले होते की सूर्यावरच्या डागांची संख्या काही वर्षांच्या चक्रात वाढते आणि घटते. डाग भरपूर असतात तेव्हा किरीट चहूबाजूंनी गोल दिसतो. डाग कमी असतात तेव्हा तो असा दोन बाजूंना लांबतो. माझे पुस्तकही खरे होते. ते दुसऱ्या कोणत्यातरी ग्रहणाचे होते, इतकेच. प्रत्येक ग्रहणात किरीट वेगळा असतो, हे विज्ञानाच्या शिक्षकाला माहीत नव्हते आणि पडदे रंगवणाऱ्याने ते पाहून आणले होते.

ते मासिक मी माझ्या कपाटात सर्वांत खाली, जुन्या उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्याखाली ठेवून दिले. नंतर मी मुख्याध्यापक झालो. डोमाजी साठीला निवृत्त झाले. निरोप समारंभात मी त्यांच्या प्रामाणिकपणावर बोललो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ते खाली मान घालून नारळाकडे पाहत होते.

गेल्या कार्तिकात कळले की ते अंथरुणाला खिळले आहेत. मी एकोणऐंशीचा, ते पंच्याऐंशीचे. पुतण्याच्या मोटरसायकलवर बसून मी गेलो. वाटेने धानाची कापणी चालली होती. त्यांच्या सुनेने, वनिताने, खाटेशेजारी खुर्ची ठेवली आणि मोठ्याने सांगितले, "मामाजी, सर आलेत." त्यांनी मान वळवली. दृष्टी बरीच गेली होती.

मी सगळे सांगितले. विसरलेला 'आता', परीक्षकांपुढचे खोटे, कपाटातले मासिक. ते ऐकत राहिले आणि मग म्हणाले, "खालच्या कप्प्यात ना? उत्तरपत्रिकाइच्या खाली."

"तुला कसे माहीत?" मी विचारले.

"कपाट कोन पुसे सर? मीच तं पुसत होतो. त्याच हप्त्यात पायलो मी. मंग परत तसंच ठेवलो."

"मग बोलला का नाहीस... बोलला का नाहीत, डोमाजी?"

'नाहीत' ऐकून त्यांच्या ओठांवर काहीतरी हलले. "तुमी सांगान म्हून वाट पाहून राह्यलो. पयले वाटलं उद्या सांगन. मंग वाटलं मी रिटायर व्हाच्या दिवशी सांगन. त्या दिवशी तुमी माह्या इमानदारीवर बोलले." त्यांनी पांघरूण छातीवर ओढले. "तो फोटो बरा होता. पन त्यात कडंचं फिक्कं आलंच नाई. पंख त्याच्याहून लांब होते सर. कॅमेऱ्याले नाई दिसलं ते."

मी त्यांचा हात धरला. म्हणालो, "मला माफ करा."

"मले काऊन सांगता? मले तं मालूमच हाय. ज्याइले मालूम नाई त्याइले सांगा."

मग त्यांनी वनिताला दरबाराचा पडदा काढायला सांगितले. माळ्यावरून तो जुना गुंडाळा खाली आला. वनिता आणि माझ्या पुतण्याने तो अंगणात, मळणीसाठी सारवलेल्या जागेवर उलगडला. खांब, झुंबरे, मधे सिंहासन. आणि सिंहासनाच्या मागे, जिथे राजाचे चिन्ह असते तिथे, काळी थाळी आणि दोन बाजूंना ओढलेले चांदीचे पंख, एक टोक खाली झुकलेले. कमळाच्या रंगाची ती कडही होती. वनिता म्हणाली, "मंडळवाले याले गरुड म्हनत. मामाजी काई बोलत नव्हते." वीस वर्षे तो पडदा गोंदिया-भंडाऱ्याच्या मंडयांत लागला होता. हजारो माणसांनी तो सूर्य पाहिला. मीही दोनदा त्या नाटकांना पुढच्या रांगेत पाहुणा म्हणून बसलो होतो आणि मला तो दिसला नव्हता.

निघताना मी खाटेजवळ वाकलो. त्यांची नजर माझ्या कानाशेजारी, चार बोटे पलीकडे होती. प्रदर्शनाच्या दिवसानंतर त्यांनी माझ्याकडे तसे कधी पाहिले नव्हते. तीस वर्षे ते एकतर सरळ पाहत किंवा खाली.

तीन आठवड्यांनी ते गेले. तेरवीला मी उभा राहिलो आणि गावापुढे बोललो, काही लपवले नाही. लोकांनी शांतपणे ऐकले. अर्ध्या लोकांना ती जुनी गोष्ट आठवतही नव्हती. जेवणे झाल्यावर पंगतीत माझ्यासोबत बसलेला एक वयस्क गृहस्थ हात धुता धुता म्हणाला, "ते सारं खरं सर. चित्र बराबर होतं. पन भेला होता ना तो?"

मी त्याला पुन्हा सांगितले. त्याने मान हलवली, पण त्याला पटले की नाही ते मला कळले नाही. म्हणून शाळेत जाऊन हल्लीच्या मुख्याध्यापिकांना भेटलो. भांडारघरात ते मूळ चित्र सापडले नाही. मग वनिताच्या परवानगीने पडद्यावरच्या सूर्याचा फोटो काढून प्रयोगशाळेत लावला आहे. खाली त्यांचे नाव आहे. त्याखाली दोन ओळी मी माझ्या हाताने लिहिल्या. अक्षर आता कापते, पण वाचता येते.

ते भ्याले नव्हते. मी 'आता' म्हणायला विसरलो होतो.